खलनायकाला बालपण असावे काय?

कीर्तनाला बसणाऱ्या माणसाला क्रम सांगावा लागत नाही. आधी पूर्वरंग, मग उत्तररंग. आधी निरूपण, मग आख्यान. आता अशी कल्पना करा, की एखाद्या बुवांनी उभे राहताच थेट आख्यानाला हात घातला, कंसाचा वध केला, आरती झाली, प्रसाद वाटला आणि श्रोते घरोघर गेले. पुढे सोळा वर्षांनी त्याच बुवांनी त्याच श्रोत्यांना पुन्हा बोलावले आणि सांगितले, "आता कंस लहानपणी किती गोड मुलगा होता ते ऐका." श्रोत्यांत दोन तट पडणार हे उघड आहे. एक तट म्हणेल, बुवा, आमचा कंस होता तसाच राहू द्या. दुसरा म्हणेल, इतकी वर्षे मनात एक शंका होती, ती आज फिटेल. आणि गंमत अशी, की रागावलेले आणि उत्सुक असे दोन्ही तट पहिल्या दिवशी पहिल्याच रांगेत येऊन बसतील.

जॉर्ज लुकस नावाच्या अमेरिकन चित्रपटकाराने हा प्रसंग खरोखरच घडवून आणला. 'स्टार वॉर्स' ही त्यांची चित्रपटमाला १९७७ साली सुरू झाली. १९८० आणि १९८३ साली तिचे पुढचे दोन भाग आले आणि कथा संपली. त्यानंतर सोळा वर्षांनी, १९९९ साली, त्यांनी त्याच कथेचा पूर्वरंग सुरू केला आणि २००५ पर्यंत तीन चित्रपटांत तो पुरा केला. या सर्व प्रपंचाच्या मध्यभागी कोण आहे? नायक नव्हे, नायिकाही नव्हे. मध्यभागी उभा आहे तो काळ्या मुखवट्याचा, काळ्या झग्याचा, घोगऱ्या श्वासाचा खलनायक डार्थ व्हेडर. त्याला परत आणावे की न आणावे, आणलेच तर कोणत्या रूपात आणावे, यावर त्याच्या चाहत्यांत जो वाद पेटला तो आज पाव शतक उलटून गेले तरी विझलेला नाही. पोरासोरांच्या सिनेमावरील पोरकट भांडण म्हणून तो सोडून द्यावा असे वरवर वाटते. परंतु थोडे खोलात गेले, की त्याच्या तळाशी एक जुना आणि अवघड प्रश्न सापडतो. दुष्ट माणूस दुष्ट का झाला हे कळल्यावर त्याच्याविषयीचे आपले मत बदलावे काय?

मुखवटा आधी, कारण मागाहून

ज्या घरात दहा-बारा वर्षांचे मूल आहे त्या घरात व्हेडरची ओळख करून देण्याची गरज नाही. दप्तरावर, पाण्याच्या बाटलीवर, वाढदिवसाच्या केकवर तो केव्हाच येऊन बसला आहे. पण आजी-आजोबांसाठी चार शब्द सांगितले पाहिजेत.

एका दूरच्या आकाशगंगेत एक जुलमी साम्राज्य आहे आणि त्याच्याविरुद्ध बंड करणारे थोडे लोक आहेत. जेडाय नावाचे, संन्यासी आणि योद्धे यांचे मिश्रण असलेले एक पुरातन मंडळ साम्राज्याने नामशेष केले आहे. व्हेडर हा सम्राटाचा उजवा हात. पहिल्या चित्रपटात ल्यूक नावाच्या शेतकरी तरुणाला ओबी-वान केनोबी हा वृद्ध जेडाय सांगतो, की तुझ्या वडिलांना व्हेडरने मारले. दुसऱ्या चित्रपटाच्या अखेरीस व्हेडर स्वतःच ल्यूकला सांगतो, की तुझा बाप मीच. तिसऱ्यात सम्राट ल्यूकला ठार करू लागतो तेव्हा व्हेडर सम्राटाला उचलून खोल गर्तेत फेकतो, मुलाला वाचवतो आणि मुखवटा काढून मुलाच्या डोळ्यांदेखत प्राण सोडतो.

पहिल्या चित्रपटात या व्हेडरचे काम जेमतेम दहा-बारा मिनिटांचे आहे. एवढ्याशा वेळात त्याने जगाला घाबरवले ते कशाच्या बळावर? त्याचा मुखवटा राल्फ मॅकक्वारी या चित्रकाराच्या कल्पनेतून आला. संहितेच्या एका प्रारंभीच्या खर्ड्यात व्हेडर एका अवकाशयानातून दुसऱ्या यानात उडी घेतो असे होते. मध्ये हवा नाही, तेव्हा श्वासासाठी मुखवटा हवा, असा त्यांनी साधा विचार केला. पुढे ती उडी गेली आणि मुखवटा तेवढा उरला. त्याच्या श्वासाचा आवाज बेन बर्ट या ध्वनितज्ज्ञाने तयार केला. पाणबुडे तोंडात धरतात त्या श्वसनयंत्रात त्यांनी लहानसा मायक्रोफोन बसविला आणि त्यातून श्वास घेतला. देह डेव्हिड प्राउझ या इंग्रज व्यायामपटूचा. उंची साडेसहा फूट. आवाज मात्र अमेरिकन रंगभूमीवरील नट जेम्स अर्ल जोन्स यांचा. म्हणजे एकाची आकृती, दुसऱ्याचे शब्द, तिसऱ्याचा श्वास आणि चौथ्याच्या कुंचल्यातून उतरलेला चेहरा अशी चौघांची मोट बांधून हा राक्षस उभा राहिला. त्याला पूर्वायुष्य नव्हते. त्याची कोणाला गरजही वाटली नाही.

तो ल्यूकचा बाप आहे हे तरी आधी ठरले होते काय? दुसऱ्या चित्रपटाची पहिली संहिता ली ब्रॅकेट या लेखिकेने १९७८ साली लिहिली. तीत ल्यूकचा मृत पिता वेगळा आहे आणि तो मुलासमोर छायारूपाने प्रकट होतो. पितृत्वाचा धक्का त्यानंतरच्या खर्ड्यात आला. आणि तो इतका गुप्त ठेवला, की चित्रीकरणाच्या वेळी प्राउझ यांच्या तोंडी भलतेच वाक्य दिले होते. खरे वाक्य जोन्स यांच्या आवाजात मागाहून घातले गेले. खलनायकाच्या जीवनाचा असा शोध त्याचा जनकही वाटेवर चालता चालताच घेत होता, ही गोष्ट पुढील वादात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पूर्वपक्ष

आपल्याकडे शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडतात, मग उत्तरपक्ष. तीच रीत येथे पाळू.

पूर्वपक्षाचे चाहते म्हणतात, की खलनायकाचे सामर्थ्य त्याच्या अज्ञातपणात असते. माजघराच्या अंधारात काय आहे ते ठाऊक नसते तोवर मूल घाबरते. दिवा लावला की तेथे धान्याची कणगी असते. १९९९ च्या चित्रपटाने हा दिवा लावला. मुखवट्याखाली कोण, तर वाळवंटी ग्रहावर गुलाम म्हणून राहणारा, यंत्रे दुरुस्त करणारा, आईचा लाडका, नऊ वर्षांचा अनाकिन नावाचा सोनेरी केसांचा मुलगा! चित्रपट येण्याआधी उत्सुकता एवढी, की केवळ त्याची झलक दाखवतात म्हणून लोकांनी भलत्याच चित्रपटाची तिकिटे काढली आणि झलक संपताच मूळ चित्रपट न पाहताच ते उठून गेले. एवढी वाट पाहून हाती काय आले, तर बालवाडी, असे या पक्षाचे म्हणणे.

त्यांची दुसरी तक्रार अधिक बारीक आहे. जुन्या चित्रपटांत 'फोर्स' नावाची एक विश्वव्यापी शक्ती होती. ती साधनेने प्राप्त होते अशी प्रेक्षकांची समजूत होती. नव्या चित्रपटात रक्त तपासून, त्यातील सूक्ष्म जीवांची संख्या मोजून कोणाच्या ठायी ती किती आहे हे सांगितले जाऊ लागले. सिद्धीचा प्रश्न दवाखान्यात गेला. मुक्ताईने भाजलेल्या मांड्यांना ज्ञानेश्वरांच्या पाठीचा ताप किती अंश होता, असे कोणी विचारू लागला तर आपल्याला जसे वाटेल, तसे त्या चाहत्यांना वाटले.

तिसरी तक्रार २००५ च्या चित्रपटाच्या शेवटाची. तेथे अखेर मुखवटा चढतो आणि तो श्वास ऐकू येतो. आजवर ज्याची वाट पाहिली तो क्षण आला. पण पत्नी मेल्याचे कळताच व्हेडर मोठ्याने टाहो फोडतो, आणि कित्येक प्रेक्षागृहांत नेमके त्याच क्षणी हसू फुटले. पूर्वपक्ष म्हणतो, पाहा, ज्याला हसावे असा खलनायक उरला कोठे?

उत्तरपक्ष

उत्तरपक्षाचे म्हणणे असे, की अहो, तुम्ही मुलाचे केस पाहिलेत, पण त्याच्यावर काय गुदरले ते पाहिले नाहीत. नवव्या वर्षी त्याला आईपासून तोडून मंडळात नेतात. आईला सोडविण्यास कोणी जात नाही. दहा वर्षांनी तो स्वतः जातो तेव्हा ती त्याच्या हातांवर प्राण सोडते. त्या रागात तो तिला पळवून नेणाऱ्यांची सबंध वस्ती कापून काढतो, बायकामुलांसकट. पुढे तो गुप्तपणे विवाह करतो आणि पत्नी बाळंतपणात मरणार अशी स्वप्ने त्याला पडू लागतात. पुढे सम्राट होणारा म्हातारा त्याच्या कानात सांगतो, की मरण टाळण्याची विद्या माझ्यापाशी आहे. त्या एका आशेपायी तो गुरूंना, मित्रांना आणि अखेर स्वतःला विकतो. आणि ज्या पत्नीला वाचवायचे तिचाच गळा त्याच्या हातून आवळला जातो. ज्वालामुखीच्या ग्रहावर ओबी-वानशी झालेल्या द्वंद्वात त्याचे हातपाय जातात, देह जळतो, आणि म्हणून तो मुखवटा. हानीच्या भीतीनेच माणूस हानी ओढवून घेतो, ही या तीन चित्रपटांची गोष्ट आहे. ज्याने ग्रीक शोकांतिका वाचल्या आहेत त्याला ती परकी वाटू नये.

शिवाय उत्तरपक्ष विचारतो, की पूर्वकथा नकोशी झाली तर मग जगभर पूर्वकथाच का लिहिल्या जातात? २००३ साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने चित्रपटांतील थोर खलपात्रांची यादी केली. पहिला नरभक्षक डॉक्टर हॅनिबल लेक्टर, दुसरा 'सायको'मधील नॉर्मन बेट्स, तिसरा आपला व्हेडर, चौथी 'विझर्ड ऑफ ऑझ'मधील पश्चिमेची चेटकीण. आज पाहिले तर या चौघांचीही पूर्वकथा पडद्यावर येऊन गेली आहे. लेक्टरचे तारुण्य २००७ साली आले, बेट्सचे कुमारवय २०१३ पासून दूरदर्शन-मालिकेत दिसले, आणि चेटकिणीची कहाणी कादंबरी व संगीतिका यांच्या वाटेने २०२४ साली चित्रपटात उतरली. आपल्या काळाला खलनायकाचा वध पाहून चैन पडत नाही. त्याची जन्मपत्रिका पाहावीशी वाटते.

ही खोड केवळ आपल्याच काळाची आहे काय? तसे म्हणता येत नाही. वाल्मीकिरामायणात रावण मरतो युद्धकांडात. राम अयोध्येला येतो, राज्याभिषेक होतो, आणि त्यानंतर उत्तरकांडात अगस्त्यादी ऋषी येऊन रामाला रावणाची जन्मकथा सांगतात. मारून झाल्यावर मारणाऱ्यालाच कथा ऐकविली जाते! पुष्पक विमानातून जाणाऱ्या वैभवशाली सावत्र भावाकडे, कुबेराकडे, बोट दाखवून कैकसी आपल्या मुलाला म्हणते, की त्याच्याकडे पाहा आणि त्याच्यासारखा हो. त्या ईर्ष्येतून तपश्चर्या, तपश्चर्येतून वर आणि वरातून उन्माद. "शेजारच्या बंड्याला किती मार्क पडले पाहा," असे ज्या घरांत रोज म्हटले जाते त्यांनी हा सर्ग जरूर वाचावा. उत्तरकांड मागाहून जोडलेले आहे असे अनेक विद्वान मानतात. म्हणजे रावणाची पूर्वकथा मूळची की उपरी, हा वादही आपल्याकडे आहेच. आणि तरीही ती कथा कोणी टाकून दिलेली नाही.

लुकस यांच्यावर जोसेफ कॅम्बेल या पुराणकथांच्या अभ्यासकाच्या ग्रंथाचा प्रभाव होता हे त्यांनी स्वतः सांगितले आहे, आणि कॅम्बेल भारतीय पुराणांचे जाणते होते. म्हणून व्हेडरमध्ये रावण शोधावा असे मी म्हणणार नाही. परंतु दोन दूरच्या गावांतील लोकांना एकच प्रश्न पडतो, एवढे तरी म्हणावयास हरकत नाही.

बोळातील टाळ्या

२०१२ साली लुकस यांनी आपली संस्था डिस्ने कंपनीला चार अब्ज डॉलरांहून अधिक किमतीला विकली आणि व्हेडर परक्या घरी गेला. नव्या मालकांनी त्याला पुन्हा बोलाविले ते २०१६ सालच्या डिसेंबरात, 'रोग वन' या चित्रपटात. मराठी वाचकाने नावावरून आजाराचा बोध घेऊ नये. इंग्रजीत त्याचा अर्थ भामटा असा आहे. साम्राज्याच्या महाभयंकर शस्त्राचे नकाशे बंडखोरांनी कसे चोरले, याची ही कथा. १९७७ चा चित्रपट जेथे सुरू होतो त्याच्या उंबरठ्यावर ती संपते.

तिच्या अखेरीस एक प्रसंग आहे. चित्रपट जवळजवळ तयार झाल्यावर, अगदी शेवटच्या महिन्यांत तो जोडला गेला. अंधारा बोळ, अडकलेले दार, नकाशे हातात घेऊन अडकलेले बंडखोर. अंधारातून श्वास ऐकू येतो. लाल प्रकाशाची तलवार उजळते आणि व्हेडर एकेकाला कापीत पुढे येतो. बंडखोर दाराच्या फटीतून नकाशे पलीकडे देतात आणि मरतात.

या मिनिट-दीड मिनिटाने पूर्वपक्ष विरघळला. टाहो फोडणारा व्हेडर गेला आणि भीतिदायक व्हेडर परतला, असा जयघोष झाला. काही चिकित्सकांनी शंका काढली, की येथे विजेसारखा हलणारा हा पुरुष दोनचार दिवसांनी, म्हणजे १९७७ च्या चित्रपटात, वृद्ध ओबी-वानशी इतका संथ का लढतो? त्याचे खरे उत्तर चित्रपटाबाहेर आहे. ओबी-वानचे काम करणारे ॲलेक गिनेस यांनी तेव्हा साठी ओलांडली होती, आणि तलवारीच्या झुंजी पडद्यावर कशा दाखवाव्यात याचे तंत्रही वेगळे होते.

परंतु मला त्याहून निराळी गोष्ट टोचते. त्या बोळात मरतात ते आपल्या बाजूचे लोक आहेत. ज्या नकाशांसाठी सबंध चित्रपटभर सज्जनांनी जीव दिले तेच नकाशे ते वाचवीत आहेत. आणि टाळ्या मात्र मारणाऱ्याला! ज्यांना मुलाचे बालपण नको होते, केवळ दरारा हवा होता, त्यांना दरारा मिळाला. पण त्या दराऱ्यात मरणाऱ्याकडे पाहावयाचे राहून गेले. खलनायकाविषयी काहीच न सांगणारी कथा त्याला भीतिदायक करते हे खरे. मात्र तीच कथा त्याला पूजेच्या पाटावरही बसवू शकते, हे त्या टाळ्यांनी दाखविले. आमच्या वर्गात धीरोद्धत प्रतिनायक शिकवताना विद्यार्थ्यांचे डोळे नायकापेक्षा त्याच्याच वर्णनाला चमकतात. तेव्हा दोष केवळ अमेरिकनांचा नव्हे.

मधल्या दहा वर्षांतील भेट

व्हेडरचे तिसरे पुनरागमन २०२२ साली झाले. 'ओबी-वान केनोबी' ही सहा भागांची मालिका त्या वर्षी मे आणि जूनमध्ये प्रदर्शित झाली. तिचा काळ ज्वालामुखीवरील द्वंद्वानंतर दहा वर्षांचा, म्हणजे मूळ चित्रपटाच्या नऊ वर्षे आधीचा. यूअन मॅग्रेगर पुन्हा ओबी-वान झाले आणि पूर्वकथेत तरुण अनाकिनचे काम करून ज्यांनी पुष्कळ टीका सोसली होती ते हेडन क्रिस्टेन्सन पुन्हा व्हेडर झाले.

येथे वाद पडला तो पंचांगाचा. १९७७ च्या चित्रपटात व्हेडर ओबी-वानला म्हणतो, की मी तुला सोडून गेलो तेव्हा शिष्य होतो, आता गुरू झालो आहे. यावरून ज्वालामुखीनंतर दोघांची भेटच झाली नव्हती, असे सर्वांनी धरले होते. मग मध्येच ही भेट कोठून आली? जुने चाहते वकिलासारखे कागद घेऊन उभे राहिले. त्यांना हसण्याचे कारण नाही. ज्या कथेवर माणसाने बालपणापासून माया केली तिची वाक्ये त्याला दस्तऐवजासारखी वाटतात.

पण मालिकेच्या शेवटच्या भागात एक प्रसंग आहे. द्वंद्वात व्हेडरचा मुखवटा अर्धा फुटतो आणि आतून अनाकिनचा जळका, अर्धा चेहरा दिसतो. आवाजही अर्धा यंत्राचा आणि अर्धा माणसाचा. ओबी-वान झाल्या गोष्टींची क्षमा मागतो. तेव्हा व्हेडर उत्तर देतो, की अनाकिनला तू मारले नाहीस, मी मारले. हे ऐकल्यावर १९७७ च्या त्या जुन्या विधानाचा अर्थ पालटतो. व्हेडरने तुझ्या बापाला मारले, असे ओबी-वानने ल्यूकला सांगितले होते. १९८० नंतर ते धादांत खोटे ठरले आणि चाहत्यांनी त्या म्हाताऱ्याला बेचाळीस वर्षे लबाड म्हटले. आता कळते, की तो खुद्द खुन्याचा कबुलीजबाब होता. चांगली पूर्वकथा काय करू शकते याचे याहून चांगले उदाहरण या मालेत मला आढळत नाही. तिने खलनायकासाठी सबब शोधली नाही, उलट अपराध त्याच्याच तोंडून त्याच्या पदरात घातला.

या पुनरागमनातील आवाजाची हकीकत स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे. जेम्स अर्ल जोन्स तेव्हा एक्याण्णव वर्षांचे होते. त्यांच्या संमतीने, त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून, युक्रेनमधील कीव्ह येथील एका कंपनीने संगणकाच्या साहाय्याने व्हेडरचा आवाज घडविला. शहरावर युद्ध कोसळले असतानाही तेथील तंत्रज्ञ हे काम करीत होते. ९ सप्टेंबर २०२४ रोजी जोन्स निवर्तले. २०२५ साली त्यांच्या कुटुंबाच्या मान्यतेने हा यांत्रिक आवाज एका संगणक-खेळात आला, तेव्हा अमेरिकेतील नटांच्या संघटनेने तक्रार नोंदविली, की जिवंत नटांचे काम असे परस्पर यंत्राकडे जाऊ नये. खलनायक आता नटावाचूनही परत येऊ शकतो, ही नवी गोष्ट आहे.

आणि हा आवाज कोणाचा होता? जोन्स लहानपणी इतके तोतरे होते, की सुमारे आठ वर्षे ते जवळजवळ मुकेच राहिले. शाळेतील एका शिक्षकाला कळले, की हा मुलगा चोरून कविता लिहितो. त्यांनी त्याला त्या वर्गापुढे मोठ्याने वाचावयास लावल्या. मग रोज एक कविता म्हणावयास लावली. कवितेच्या लयीत जीभ अडखळेना. तेथून तो आवाज मोकळा झाला. कविता शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला ही हकीकत वाचून बरे वाटले, तर वाचकांनी ते क्षम्य मानावे.

चाहत्यांची बाजू काळी कोणती?

इतका वेळ वाद मतांचा होता तोवर त्यात गोडी होती. दुर्दैवाने तो माणसांवरही घसरला. १९९९ साली बाल-अनाकिनचे काम करणारा जेक लॉइड हा जेमतेम दहा वर्षांचा होता. चित्रपट आवडला नाही याचा राग लोकांनी त्या पोरावर काढला. शाळेत त्याला चिडवून नकोसे केले आणि थोड्याच वर्षांत त्याने अभिनय सोडला. त्याच चित्रपटात विदूषकाचे काम करणारे अहमद बेस्ट यांनी २०१८ साली सांगितले, की लोकांच्या हेटाळणीने आपल्या मनात जीव देण्याचा विचार आला होता. २०२२ च्या मालिकेतील कृष्णवर्णीय नटी मोझेस इंग्राम यांना वर्णद्वेषाने भरलेले शेकडो संदेश गेले आणि अखेर मॅग्रेगर यांना प्रेक्षकांना जाहीरपणे बजावावे लागले, की असे करणारा आमचा चाहता नव्हे.

राग माणसाला अंधाराकडे नेतो, ही या चित्रपटमालेची सरळ शिकवण. ती ज्यांना पाठ आहे त्यांनीच एका मुलाचे बालपण नासवावे! खलनायकाला बालपण असू नये असे म्हणणाऱ्यांच्या हातून एका खऱ्या बालपणाचे नुकसान झाले, ही या वादातली सर्वांत लाजिरवाणी नोंद आहे.

क्षमा किती महाग?

आता सिद्धान्ताकडे येऊ. माझ्या मते पूर्वकथेने व्हेडर हलका झाला हे अर्धेच खरे आहे. १९८३ साली ज्याने फक्त पहिले तीन चित्रपट पाहिले होते त्याला शेवटी व्हेडरला क्षमा करणे सोपे होते. त्याचे अपराध आपण नावानिशी पाहिलेले नव्हते, पुत्रप्रेम मात्र डोळ्यांसमोर होते. २००५ च्या चित्रपटात अनाकिन जेडाय मंदिरात शिरतो आणि तेथे आश्रयाने लपलेल्या लहान मुलांना मारतो. हे पाहिल्यावर पुन्हा १९८३ चा शेवट पाहा. आपल्या एका मुलाला वाचविणाऱ्या बापाने दुसऱ्यांची किती मुले मारली याचा हिशेब आता मनातून जात नाही. २००४ साली लुकस यांनी त्या शेवटच्या दृश्यात फेरफार केला. मुक्त आत्म्यांच्या रांगेत उभ्या वृद्ध सेबॅस्टियन शॉ यांच्या जागी त्यांनी तरुण क्रिस्टेन्सन यांची आकृती बसविली. तेव्हा चाहते संतापले ते जुन्या नटाच्या मायेने. पण मला वाटते, संतापाला आणखीही जागा आहे. त्या हसऱ्या तरुणाच्या शेजारी त्या मुलांपैकी कोणीच उभे नाही.

म्हणजे पूर्वकथेने खलनायकाला माणूस केले आणि त्याच वेळी क्षमा महाग केली. कारण समजणे निराळे आणि अपराध माफ होणे निराळे. अगस्त्यांनी रावणाची सारी हकीकत सांगितली. ती ऐकून रामाने हळहळ केली असेल, पण बाण परत मागविला नाही. ल्यूकही बापाला निर्दोष ठरवीत नाही. तो फक्त त्याला मारावयाचे नाकारतो. या दोहोंतील अंतर मुलांना समजावून सांगता आले, तर पूर्वकथा सार्थकी लागली असे म्हणेन.

राहता राहिला घरगुती प्रश्न. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना हे चित्रपट कोणत्या क्रमाने दाखवावेत? कथेच्या क्रमाने दाखविले, तर बापाचे रहस्य आधीच फुटते. प्रदर्शनाच्या क्रमाने दाखविले, तर रहस्य टिकते, पण क्षमा स्वस्त होते. काही चतुर रसिकांनी तिसरी वाट काढली आहे. १९७७ आणि १९८० चे दोन भाग आधी पाहावेत. "मीच तुझा बाप" हे ऐकून मूल थक्क झाले, की तेथे थांबावे आणि पूर्वकथा दाखवावी. ती पुरी झाल्यावरच १९८३ चा शेवट पाहावा. मला हाच क्रम पटतो. मात्र मंदिराचा प्रसंग फार लहान मुलांना दाखवू नये. शेवट झाल्यावर दिवा लावावा आणि मुलांना एकच विचारावे, की तुम्ही ल्यूकच्या जागी असता, तर काय केले असते? उत्तर लगेच देऊ नये, त्यांना भांडू द्यावे. फराळाचे ताट मधोमध ठेवले, की भांडण हातघाईवर जात नाही.